नेम आणि नियम

मराठीत 'नेम' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'मुलाने कैरीवर नेम धरला' या वाक्यातील नेम म्हणजे लक्ष्यावर रोखलेली नजर. 'आजीचा पहाटे उठण्याचा नेम कधी चुकला नाही' या वाक्यातील नेम म्हणजे स्वतःला घालून घेतलेला नियम. नेमबाजी या क्रीडाप्रकाराची ओळख करून घेताना हे दोन्ही अर्थ जवळ बाळगावे लागतात. कारण नेमबाजीच्या क्लबात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी नेम धरायला कोणी शिकवत नाही. आधी नियम शिकवले जातात.

बंदूक हा शब्द ऐकताच आपल्या मनात पोलीस, सैनिक, दरोडेखोर किंवा शिकारी यांची चित्रे उभी राहतात. क्रीडा म्हणून होणाऱ्या नेमबाजीचा यांपैकी कशाशीही संबंध नाही. वन्य प्राण्यांची शिकार ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा ठरली आहे. क्रीडा-नेमबाजीत समोर असतो तो कागदाचा किंवा विद्युत यंत्रणेचा स्थिर फलक, किंवा हवेत उडवलेली मातीची तबकडी. येथे कोणाला हरवायचे तर ते स्वतःच्या हाताच्या कंपाला आणि मनाच्या उतावीळपणाला. प्रतिस्पर्धी शेजारीच उभा असतो, पण तो आपल्या चेंडूला अडवत नाही की आपल्याला धक्का देत नाही. या दृष्टीने पाहिले तर नेमबाजी कुस्ती-कबड्डीपेक्षा सतार लावण्याच्या कामाला अधिक जवळची आहे, असे म्हणावेसे वाटते.

१८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हापासूनच नेमबाजीचा त्यांत समावेश आहे. १९०४ आणि १९२८ हे दोन सामने तेवढे अपवाद. या सामन्यांचे जनक पियरे द कुबर्तां हे स्वतः पिस्तूल नेमबाज होते. आपल्या देशात १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर हे तिचे संस्थापक-अध्यक्ष. कोकणातून गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले हे गांधीवादी गृहस्थ. अहिंसेच्या मार्गाने स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या व्यक्तीने रायफल संघटनेची धुरा वाहावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु बंदूक हाताळण्याची शिस्त आणि बंदुकीचा धाक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र होण्याची एक महत्त्वाची स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

त्यानंतरची अनेक वर्षे हा खेळ प्रामुख्याने राजघराण्यांचा आणि सेनादलांचा राहिला. बिकानेरचे महाराजा डॉ. कर्णी सिंह हे पाच ऑलिंपिक सामन्यांत उतरले. दिल्लीतील तुघलकाबादच्या रेंजला त्यांचेच नाव आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी ती रेंज उभारण्यात आली. पुढे चित्र बदलत गेले. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी दहा मीटर हवाई रायफलमध्ये सुवर्णपदक पटकावले. ऑलिंपिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. २०१२ मध्ये लंडनला विजय कुमार यांना रौप्य आणि गगन नारंग यांना कांस्यपदक मिळाले. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकर यांनी दोन कांस्यपदके मिळवली, त्यांतील एक सरबज्योत सिंह यांच्या जोडीने. तिसरे कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे आणि त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला असलेले. महाराष्ट्राचा विचार केला तर महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेनेतून पुढे आलेल्या अंजली भागवत, २००४ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर, २०१० साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांची नावे सहज ओठांवर येतात. कुस्तीच्या तालमींसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापुरात बंदुकीचीही तालीम रुजावी, हा योगायोग मोठा मजेदार आहे.

पदकांची ही नामावली वाचून 'हे काम तरुणांचे आणि पैसेवाल्यांचे' असा ग्रह होण्याचा संभव आहे. यातला पैशाचा भाग अगदीच खोटा नाही. त्याचा विचार पुढे करू. वयाचा भाग मात्र खोटा आहे. उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात जोहडी नावाचे गाव आहे. तेथील रायफल क्लबात १९९९ च्या सुमारास चंद्रो तोमर या गृहिणी आपल्या नातीला सोबत म्हणून गेल्या. तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. घुंगटात वावरलेल्या, शेतीभाती आणि गुरेढोरे सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या या बाईंनी तेथे पिस्तूल हाती घेतले आणि पुढे ज्येष्ठांच्या स्पर्धांमधून अनेक पदके मिळवली. त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर याही त्यांच्यापाठोपाठ नेमबाज झाल्या. प्रकाशीबाईंची कन्या सीमा तोमर हिने २०१० साली विश्वचषक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले. चंद्रो तोमर २०२१ साली निवर्तल्या. त्यांच्या कहाणीवर २०१९ मध्ये हिंदी चित्रपट निघाला, म्हणून आज त्यांचे नाव अनेकांना ठाऊक आहे. पण चित्रपटाहून महत्त्वाची गोष्ट ही की, गावात क्लब होता आणि त्याचे दार एका आजीबाईंसाठी बंद नव्हते.

शारीरिक अपंगत्व हीसुद्धा या खेळात अडचण ठरत नाही. पॅरा-नेमबाजीत स्वतःच्या हातांनी शस्त्राचा भार पेलू शकणारे आणि त्यासाठी आधाराची घोडी लागणारे अशा दोन मुख्य गटांत खेळाडूंची विभागणी होते. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसावे लागलेल्या अवनी लेखरा यांनी टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये हवाई रायफलचे सुवर्णपदक मिळवले.

आता प्रत्यक्ष क्लबाकडे वळू. राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली राज्यांच्या संघटना आणि त्यांच्याशी संलग्न असे जिल्हा संघ व क्लब, अशी या खेळाची रचना आहे. मुंबईत वरळी येथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत रेंज आहे. लहान शहरांतून एखाद्या शाळेच्या सभागृहात, मंगल कार्यालयाच्या गच्चीवर किंवा जुन्या गोदामात चालणाऱ्या दहा मीटरच्या रेंजही आता दिसू लागल्या आहेत. या खेळाला मैदान लागत नाही, हे त्याचे मोठेच सोयीचे अंग होय. दहा मीटर म्हणजे मध्यम आकाराच्या दोन-तीन खोल्यांची लांबी.

क्लब निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो हा: तो राज्य किंवा जिल्हा संघटनेशी संलग्न आहे काय? संलग्नता नसेल तर तेथे शिकता येईल, पण स्पर्धेत उतरण्याचा मार्ग सापडणार नाही. दुसरा प्रश्न प्रशिक्षकाविषयी. भिंतीवर लटकलेल्या पदकांपेक्षा तो नवशिक्यांच्या हाताकडे लक्ष देतो की आपल्या भ्रमणध्वनीकडे, हे तासभर कोपऱ्यात बसून पाहावे. तेवढी परवानगी चांगला क्लब आनंदाने देतो. प्रवेशअर्जासोबत ओळख, वय व राहण्याचा पुरावा आणि छायाचित्रे मागितली जातात. काही ठिकाणी वैद्यकीय दाखला आणि पोलिसांकडून चारित्र्य-पडताळणीही लागते. ही कागदपत्रे मागितली म्हणून रुसू नये. ज्या क्लबात कोणीही यावे आणि बंदूक उचलावी अशी मोकळीक असेल, त्या क्लबापासून चार हात दूर राहिलेलेच बरे.

कायद्याची बाजू थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या देशात शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क नसून परवान्याने मिळणारी मुभा आहे, आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम तिचे नियमन करतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार, ज्या हवाई रायफलीची किंवा पिस्तुलाची नळी ४.५ मिलिमीटरहून मोठी आहे, अथवा ज्याच्या छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक आहे, त्याला परवाना लागतो. स्पर्धेतील दहा मीटरची हवाई शस्त्रे या मर्यादेच्या आत बसतात. म्हणूनच नवशिक्याचा आरंभ त्यांनी होतो. त्यापुढची पायरी म्हणजे पॉइंट २२ बोअरची रायफल व पिस्तूल. त्यांत दारू भरलेले काडतूस असते आणि ती परवान्याच्या कक्षेत येतात. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला लक्ष्यभेदाच्या सरावासाठी अशी रायफल मिळू शकेल, याची तरतूद अधिनियमातच आहे. तथापि एक गोष्ट स्पष्ट असावी. क्लबाचे सदस्यत्व म्हणजे शस्त्र-परवाना नव्हे, आणि परवान्याची गरज नसलेली हवाई बंदूकसुद्धा बाजारात, लग्नाच्या वरातीत किंवा समाजमाध्यमांवरील छायाचित्रांत मिरवण्याची वस्तू नव्हे. छर्रा लहान असला तरी तो डोळा फोडू शकतो.

रेंजवरील पहिला दिवस बहुतेकांना निराश करतो. आपण मोठ्या उत्साहाने गेलेले असतो आणि आपल्याला सांगतात ते एवढेच, की उभे राहा आणि ऐका. प्रत्येक बंदूक ही भरलेलीच आहे असे समजून ती हाताळायची. तिचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने, किंवा सांगितलेल्या सुरक्षित दिशेने. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. दुसऱ्याच्या शस्त्राला त्याच्या संमतीवाचून हात लावायचा नाही. बंदूक खाली ठेवताना तिच्या नळीतून भडक रंगाची एक लांब दोरी आरपार घालून ठेवतात. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. नळी रिकामी आहे, हे लांबूनही कोणाला दिसावे यासाठी ही साधी युक्ती. रेंज अधिकाऱ्याने 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, 'स्टार्ट' म्हटल्याशिवाय झाडायचा नाही आणि 'स्टॉप' हा शब्द कानी पडताच, नेम कितीही सुरेख जमलेला असो, तत्क्षणी थांबायचे. 'स्टॉप' हा शब्द अधिकारीच उच्चारू शकतो असेही नाही; धोका दिसला तर काल दाखल झालेला सदस्यही तो ओरडून सांगू शकतो, आणि सर्वांत जुन्या नेमबाजानेही तो पाळायचा असतो. कोणी लक्ष्याचा कागद बदलायला पुढे गेलेला असेल तर मागे एकानेही शस्त्राला स्पर्श करायचा नाही.

यातील एकही नियम कठीण नाही. कठीण आहे ते तो दर वेळी पाळणे. दुर्घटना प्रायः नवशिक्याच्या अज्ञानातून होत नाहीत. 'रिकामीच आहे' अशा सरावलेल्या माणसाच्या खात्रीतून होतात. म्हणूनच चांगल्या क्लबात पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला सदस्यही रोज नळी उघडून दाखवतो आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना फारशी कोणी सांगत नाही. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे शरीरात साठत जाणारे विष आहे. रेंजवर खाऊ नये, छर्रे तोंडात धरू नयेत आणि घरी जाण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. घरी तान्हे मूल असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

यानंतर प्रत्यक्ष नेमाकडे येऊ. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक डोळा प्रमुख असतो. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मधे एक लहानसा झरोका करावा आणि त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरचा दिवा पाहावा. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला दिवा झरोक्यात दिसत राहतो तो प्रमुख डोळा. उजवा हात आणि डावा डोळा प्रमुख असलेली माणसे विरळा नाहीत. त्यांनी आधीच प्रशिक्षकाला तसे सांगावे, म्हणजे पुढचे कष्ट वाचतात.

हवाई पिस्तूल एका हाताने झाडावयाचे असते. दुसरा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात. पाय खांद्याइतके रुंद ठेवून, लक्ष्याकडे बाजू करून उभे राहायचे. मग हात उचलायचा आणि डोळे मिटायचे. क्षणभराने डोळे उघडून पाहिले तर पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलेले दिसते. ती शरीराची नैसर्गिक दिशा. नवशिका येथे मनगट वळवून पिस्तूल लक्ष्यावर आणतो. जाणकार मागचे पाऊल किंचित सरकवतो. स्नायूंच्या जोरावर आणलेला नेम दहाव्या-विसाव्या फैरीला थकतो, पावलांच्या जोरावर आणलेला टिकतो.

पिस्तुलाच्या नळीवर टोकाशी एक उभा ठोकळा असतो आणि मागे एक खाच असते. आपल्या जुन्या भाषेत बंदुकीवरील अशा खुणेला 'माशी' म्हणत. पुढची माशी मागच्या खाचेच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखी फट ठेवून आणि माथे एका रेषेत आणून बसवायची, आणि ही जोडी लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाच्या खाली धरायची. आता अडचण अशी की मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य या तिन्ही गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. स्पष्ट काय ठेवावे? बहुतेक नवशिके लक्ष्य स्पष्ट ठेवतात. ते चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे हे थोड्या हिशेबाने समजते.

समजा, आपला हात कापला आणि संपूर्ण पिस्तूल जसेच्या तसे पाच मिलिमीटर बाजूला सरकले, पण पुढची माशी खाचेच्या मध्यातच राहिली. तर छर्राही पाच मिलिमीटरच बाजूला लागेल. पिस्तुलाच्या फलकावरील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्रा त्याला नुसता चाटून गेला तरी दहा गुण मिळतात. म्हणजे एवढी चूक माफ आहे. आता समजा, हात मुळीच हलला नाही, पण पुढची माशी खाचेत केवळ एक मिलिमीटर बाजूला गेली. दोन्ही माशांमधील अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर आणि लक्ष्य दहा मीटर दूर. एक मिलिमीटरची ही चूक लक्ष्यावर पोचेपर्यंत तीसपट होते. छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो आणि दहाच्या जागी सात गुण पदरी पडतात. म्हणून दृष्टी पुढच्या माशीवर ठेवायची आणि लक्ष्य अंधूक दिसू द्यायचे. ज्या गोष्टीवर मारायचे ती अंधूक, आणि जी हातात आहे ती स्पष्ट! सुरुवातीला मन हे मानायला तयार होत नाही. डोळा पुनःपुन्हा पळून लक्ष्याकडे जातो.

हाताचा कंप थांबत नसतो, हेही येथेच सांगून टाकावे. हृदय धडधडत आहे तोवर हात हलणार. जगज्जेत्याचाही हलतो, फक्त कमी. स्थिर क्षण आला की चटकन चाप ओढावा, असा मोह प्रत्येकाला होतो. आणि त्या 'चटकन'मध्येच माशी खाचेतून हलते. हवाई पिस्तुलाचा चाप ओढायला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो, असा नियम आहे. तो दाब सावकाश, एकसारखा, सरळ मागे वाढवत न्यायचा. बार कोणत्या क्षणी उडेल हे स्वतःलाही नेमके कळू नये. श्वास अर्धा सोडून थोडा थांबवायचा. सात-आठ सेकंदांत बार उडाला नाही तर हात खाली घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. हात खाली घेणे ही माघार नव्हे. थकलेल्या डोळ्यांनी रेटून झाडलेला बार वाया जातो, हे प्रशिक्षक शंभरदा सांगतात आणि शंभरदा सांगावेही लागते.

बार उडाल्यानंतरही क्षणभर तसेच उभे राहायचे. छर्रा सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने जातो. दहा मीटर जायला त्याला एका सेकंदाचा सुमारे सतरावा भागच लागतो. मग थांबायचे कशासाठी? कारण बार उडताच हात खाली आणण्याची सवय लागली की तो हात बार उडण्यापूर्वीच खाली येऊ लागतो. शिवाय, छर्रा लागला कोठे हे फलकाकडे न पाहता सांगता येणे, हीच खरी प्रगतीची खूण मानली जाते. पुष्कळ प्रशिक्षक पहिले काही दिवस वर्तुळांचा कागद लावतच नाहीत. कोऱ्या कागदावर मारायला सांगतात. भोके एकमेकांजवळ पडत आहेत की नाहीत, एवढेच पाहतात. छर्रा न भरता रिकाम्या शस्त्राने चाप ओढण्याचा सराव तर अव्वल नेमबाजही रोज करतात. त्यात खर्च शून्य आणि लाभ मोठा.

हवाई रायफलीचे गणित याहून बारीक आहे. तिच्या फलकावरील दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढा. ४.५ मिलिमीटरचा छर्रा लागला की तो ठिपका दिसेनासाच होतो. दहालाही पुन्हा १०.० पासून १०.९ पर्यंत दशांशांत विभागतात. साठ फैरींत ६५४ हे कमाल गुण होतात. पूर्वी महिलांना चाळीसच फैरी असत. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यांनाही पुरुषांइतक्याच साठ फैरी मिळाल्या.

रायफलीला जाड कापडाचा ताठ कोट, विजार आणि सपाट तळव्याचे बूट लागतात. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल तासभर पेलताना कंबरेला त्यांचा आधार होतो. परदेशी बनावटीच्या स्पर्धात्मक रायफलीची किंमत लाखांत जाते. ही रक्कम ऐकून परत फिरण्याचे कारण नाही. आरंभीचे कित्येक महिने क्लबाचेच शस्त्र वापरायचे असते आणि छऱ्यांचे डबे तेवढे आपले आणायचे असतात. पिस्तुलाला कोटाची गरज नाही. घोटा झाकणार नाही असे साधे बूट चालतात. ज्याच्या खिशाला मर्यादा आहे त्याने पिस्तुलापासून आरंभ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शुल्क किती, शस्त्राचे भाडे वेगळे आहे का आणि आठवड्यातून किती दिवस रेंज मिळते, हे सदस्य होण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. आणि पहिल्या सहा महिन्यांत कोणी 'ही माझी जुनी रायफल स्वस्तात घ्या' असे सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. तिच्या हवेच्या सिलिंडरला वापराची मुदत असते. ती उलटलेली असेल तर स्वस्ताई महागात पडते.

क्लब म्हणजे केवळ रेंज नव्हे. कागद बदलणे, दोरीवरून लक्ष्य मागेपुढे करणारी चाके साफ करणे, मागच्या पेटीत साठलेले शिसे गोळा करणे, दर महिन्याच्या अंतर्गत स्पर्धेत गुण मोजायला बसणे ही कामे सदस्यच करतात. इतरांचे गुण मोजताना नवशिक्याला जेवढे शिकायला मिळते तेवढे व्याख्यानांतून मिळत नाही. एकाचे छर्रे सतत खाली-डावीकडे का पडतात, दुसऱ्याचे शेवटच्या दहा फैरींत का विखुरतात, हे कागदच सांगतो. भिन्न वयाची आणि पेशांची माणसे येथे शेजारी उभी राहतात. बँकेतला कारकून, रिक्षाचालक, अकरावीतील मुलगी आणि निवृत्त शिक्षिका एकाच रांगेत आणि एकाच आज्ञेवर थांबणारी. त्यातून होणारी मैत्री बेताची बोलकी असते, कारण रांगेत उभे असताना गप्पा मारायच्या नसतात.

काही महिन्यांच्या सरावानंतर जिल्हा पातळीवरील स्पर्धेत नाव द्यावे. पुढे राज्यस्तर, मग मावळंकर स्पर्धा किंवा विभागीय पातळी, आणि ठरावीक गुणांची मर्यादा गाठली तर राष्ट्रीय स्पर्धा, असा मार्ग आहे. विद्युत लक्ष्यावरील दहा मीटरच्या स्पर्धेत आधी पंधरा मिनिटे तयारीची आणि चाचणी-फैरींची असतात. त्यांचे गुण धरले जात नाहीत. त्यानंतर पंचाहत्तर मिनिटांत साठ फैरी. म्हणजे प्रत्येक फैरीला सव्वा मिनिट. हा वेळ पुरतो, पण गुण घसरू लागले की नवशिका घाई करतो आणि चाळीस मिनिटांतच मोकळा होतो. उलट काही वेळा यंत्रच दगा देते. २०२१ मध्ये टोकियोला ऐन स्पर्धेत मनू भाकर यांचे पिस्तूल बिघडले, बहुमोल मिनिटे दुरुस्तीत गेली आणि त्यांची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी शस्त्राची तपासणी, स्क्रू घट्ट आहेत की नाहीत हे पाहणे आणि सिलिंडरमधील हवेचा दाब बघणे हा क्रम कागदावर लिहून ठेवतात.

स्पर्धेला जाताना ओळखपत्र, प्रवेशिका, छर्ऱ्यांचे दोन डबे, सेफ्टी फ्लॅग, पाण्याची बाटली आणि कोरडा रुमाल एवढे पिशवीत असावे. गोळीबाराच्या रेषेवर भ्रमणध्वनी वापरता येत नाही. स्पर्धेच्या पत्रकात दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचावे, कारण शस्त्राचे वजन, चापाचा दाब आणि बुटांची उंची तपासणाऱ्या टेबलापुढे रांग लागलेली असते. आपला क्रमांक आला की पिशवीतून शस्त्र काढायचे, तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचे आणि कोणी विचारण्यापूर्वीच नळी उघडून दाखवायची.